शुक्रवारची टर्की

अठरा पौंडांचा पक्षी आणि खाणारे तिघे:
मी, शेजारची लेम्पी,
आणि लेम्पीचा भाऊ, ज्याच्या तोंडात दात नाहीत.

दुकानदार म्हणाला होता, यंदाही एवढीच ना?
मानेला जुनी सवय. ती हलली.
मुलं बुधवारी मिलवॉकीहून निघाली,
सरोवरावरून बर्फ आला, रस्ता बंद झाला.
धाकटा फोनवर म्हणाला, आई, रागावू नकोस.
म्हटलं, रस्ता काय माझ्या मालकीचा आहे?

तरी थँक्सगिव्हिंग रीतीनं केलं.
हातात हात धरून बसलो,
एकेकानं सांगायचं, आभार कशाबद्दल.
लेम्पी म्हणाली, नव्या गुडघ्याबद्दल.
तिचा भाऊ म्हणाला, ग्रेव्हीबद्दल.
माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं,
बटाटे गार होतायत.

आज शुक्रवार.
फ्रिज उघडला की ती बसलेली असते,
एका बाजूनं कोरलेली, दुसऱ्या बाजूनं अखंड,
अर्ध्यावर सोडलेल्या भांडणासारखी.
सकाळी एक सँडविच खाल्लं, उभ्याउभ्या.
हाडं मोठ्या पातेल्यात टाकली,
पाणी, कांदा, सहा मिरे.
काचांवर वाफ धरली, घरभर पुन्हा कालचा वास.
म्हणोत कोणी शिळ्या कढीला ऊत.
उकळी ती उकळीच.

मग पीठ मळलं, पेस्टीचं.
इथे तांब्याच्या खाणी चालू होत्या तेव्हा
आजोबा ती कोटाच्या आतल्या खिशात घालून खाली उतरायचा.
दुपारपर्यंत छातीला ऊब,
दुपारनंतर पोटाला.
आजी प्रत्येकीच्या कोपऱ्यात सुरीनं अक्षर कोरायची,
अंधारात एकाची दुसऱ्यानं खाऊ नये म्हणून.

टर्की हातानं सोलून घेतली,
बटाटा, सलगम, कांदा,
मिरपूड जरा जास्तच.
लाटी, सारण, दुमड, मुरड.
एल दोन: एक लेम्पीची,
एक भावाची, आत सगळं बारीक चिरून.
डब्ल्यू वेंडेलची, तो वीस वर्षं आमच्या गल्लीतला बर्फ ढकलतो.
हात चालत होते, मन कुठे होतं कोण जाणे.
अकराव्या पेस्टीकडे पाहिलं तर
कोपऱ्यात आर.

रेनो.
मार्चपासून या घरात आर लागत नाही.
पीठ ओलं होतं. बोट फिरवलं असतं
तर बुजलंही असतं.
तशीच ओव्हनमध्ये गेली.

तीन वाजता वेंडेलचा ट्रक आला, पिवळा दिवा गरगरत.
मी ट्रे घेऊन दारात, पायात रेनोचे बूट,
मोठे होतात, पण आत लोकर आहे.
आज वेंडेलच्या शेजारी एक पोरगा बसलेला,
शिकाऊ, एकोणीस-वीसचा, टोपीबाहेर लालबुंद कान.
काल दिवसभर दोघं रस्त्यावरच होते.
थँक्सगिव्हिंगचं जेवण म्हणजे
पेट्रोल पंपावरचा हॉटडॉग.

वेंडेलनं आपली उचलली.
पोरगा ट्रेवर वाकला, थबकला.
“ही माझी? तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?”
काय रे नाव?
“रॉइस.”

वाऱ्यानं ट्रेवरचं फडकं उडालं,
ते धरायच्या निमित्तानं मी थोडा वेळ खाली बघितलं.
मग म्हटलं, गरम आहे, जपून खा.

त्यानं आधी तो कोपराच खाल्ला,
अक्षरासकट.
खाणवाले कोपरा शेवटी ठेवायचे,
पण याला ते कोण सांगणार.
तोंड भरलेलं असतानाच काहीतरी म्हणाला,
बहुधा थँक यू.
मी मान हलवली.

संध्याकाळी फोन वाजला.
आई, रस्ता उघडला, आम्ही निघतोय,
पोचायला रात्र होईल,
काही उरलंय का?

पातेल्यातला रस्सा आटत आला होता.
तांब्याभर पाणी वाढवलं.