काट्याचा मासा

कारखान्याची सुट्टी गुरुवारी,
आणि आईचा दत्ताचा वारही गुरुवारीच.
ह्या दोघांच्या मधून वाहायची पवना,
रावेतच्या बंधाऱ्याखाली गुडघाभर,
बाभळीची विरळ सावली
आणि शेवाळावर घसरणारे माझे पाय.

दादा सायकलच्या दांडीला बांबू बांधून निघायचे.
गळाला धार गफूर शिकलगारची.
टूलरूममधला माणूस;
डबा खाऊन झाला की ऑइलस्टोनवर
गळाचं टोक फिरवायचा, नखावर टेकवायचा:
"घसरला तर बोथट. अडकला तर पास."

कणकेत हळद, चिमूटभर हिंग, शेंगदाण्याची पेंड.
कोळशी पेंडीला भुलते,
शिंगटा गांडुळाला,
खवली तर पिकल्या उंबरालाही येते,
फक्त ते झाडावरून पडल्यासारखं पडायला हवं,
कुणीतरी टाकलंय असं तिला वाटता कामा नये.
मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा.
आडवा झाला तर थांब.
बुडाला तर ओढ.
नुसताच थरथरला तर झिंगा आहे, शिवी दे.
एवढं एकच शास्त्र दादांनी मला पुरतं शिकवलं.

संध्याकाळी बादलीत चार-पाच जीव.
आई दारातच, पदर नाकाला:
"उद्या. आज माझ्या ओट्याला शिवायचं नाही."
मग बादली मोरीत, बादलीवर पाट,
पाटावर वरवंटा, मरळ उडी मारते म्हणून.
रात्रभर मोरीतून आवाज,
ओल्या हाताने कुणी टाळी मागावी
आणि द्यायला कुणी नसावं, तसा.
दादा दोनदा उठायचे, पाणी बदलायचे.
ज्यांना सकाळी कापायचं
त्यांना रात्री ताजं पाणी.
मी कधी विचारलं नाही.

पुण्याहून मावशी आली की म्हणायची,
ह्यात नुसते काटे, पापलेट आणा की एखादं.
खोटं नव्हतं. केसासारखे काटे, टोकाला बेचकी फुटलेले.
असा मासा खाताना बोलता येत नाही.
भांडता तर मुळीच येत नाही.
शुक्रवारी आमच्या घरातलं सगळं काम
जिभेच्या टोकावर चालायचं.

मग कंपनीला टाळं लागलं.
अकरा महिने रोजच गुरुवार.
दादा रोज नदीवर, शर्ट आत खोचून,
सातच्या पाळीला निघावं तसे.
गफूरचाचाही यायचे, गळ न टाकता बसायचे,
धार मात्र लावत राहायचे,
इतकी, की गळ झिजून टाचणीएवढे झाले.
वाणी वही मिटूनच बोलू लागला.

अशाच एका गुरुवारी, खऱ्या गुरुवारी,
बादलीत एकच खवली, वीतभर.
आईने ती बघितली. मग तसबिरीकडे बघितलं.
खुंटीवरचा दादांचा कंपनीचा नॅपकिन
तसबिरीवर टाकला,
ग्रीसचे डाग आतल्या बाजूला राहतील असा नीट,
पुन्हा काढला, उलटा केला, टाकला,
आणि विळी घेतली.
चौघांत एक मासा.
कुणी काही बोललं नाही.
काटे होते ना.

आता माझी सुट्टी रविवारी.
पवनेला साबणासारखा फेस,
बंधाऱ्यापासून पुलापर्यंत जलपर्णी,
तिच्या फटीत गळ सोडला तर चिलापी, पुन्हा चिलापी.
काटे कमी. मुलांना सोपी.
जेवताना आम्ही भरपूर बोलतो,
हप्ते, पार्किंग, कुणाचं काय चुकलं.

गळ पाकिटात मिळतात, दहाचा संच.
दुकानातच एक काढून नखावर टेकवतो.
घसरतो.
दुकानदार म्हणतो, जपानी आहे साहेब.