आठवा रकाना

दोनशे पानी वही आडवी धरली, पट्टीने रेघा मारल्या.
ताप. बी.पी. लघवी किती एमएल.
गोळ्या. उलटी. पाणी. काउंट.
सात रकाने.
अकरावी कॉमर्सला एकोणतीस वर्षं जमा-नावे शिकवलं,
रेघ वाकडी जात नाही माझी,
हात थरथरला तरी.

एरंडवण्यात भाड्याची खोली, हॉस्पिटलपासून चालत सात मिनिटं.
मूग, दुधी, भात, सगळं कुकरमध्ये, शिट्ट्या चार.
कच्ची कोथिंबीर बंद, बाहेरचं दही बंद.
कढीपत्त्याची कुंडी आगाशेबाईंकडे सांभाळायला दिली,
त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओरबाडली.
दारावर पाटी लावली:
"भेटायला येऊ नये. काळजी फोनवर करावी, तीही पाचनंतर."
शैलाला मोबाइलवर फोटो दाखवला.
तोंडभर फोड, तरी ओठांचा एक कोपरा हलला.
त्या दिवशी काउंट शून्य.
हसण्याला रकाना नव्हता.

पेशींची पिशवी आली तेव्हा वाटलं, काहीतरी मोठं घडेल.
टोमॅटोच्या साराच्या रंगाची, एवढीशी.
चाळीस मिनिटांत संपली.
जयवंतची, तिच्या धाकट्या भावाची.
सासवडच्या प्लॉटवरून नऊ वर्षं बोलणं बंद होतं.
फोन केला तर म्हणाला, "कधी यायचं तेवढं सांगा, भावोजी."
नंतर कॅन्टीनमध्ये इडलीचं बिल कोणी द्यायचं यावरून
आम्ही खच्चून भांडलो.
बरं वाटलं दोघांनाही.
आता हिचा रक्तगट बदलेल, भावाचा होईल, डॉक्टर म्हणाले.
मी तिला म्हटलं, म्हणजे माहेर आता आतूनच.

काळजी घ्या, असं सगळे म्हणतात.
तिची घ्या, स्वतःचीही घ्या.
त्या 'ही'वर जोर नसतो कुणाचा.

कॉरिडॉरमध्ये चार खुर्च्या, एकीचा पाय मोडका.
मोडक्या खुर्चीवर उदगीरच्या रशीदाआपा,
कारण तिथून अयानच्या दाराची काच दिसते.
अयान नऊ वर्षांचा, काचेवर बोटाने क्रिकेटचा स्कोअर लिहितो,
आपल्याला तो उलटा दिसतो.
बसून कसं झोपायचं ते आपांनी शिकवलं:
पिशवीचा बंद मनगटाला, पाय चपलेतून बाहेर काढायचे नाहीत.
एका रात्री त्यांनी माझी वही चाळली.
"सर, ह्यात तुम्ही कुठंयत?"
मी म्हणालो, मी लिहिणारा.
त्यांनी पेन घेतलं, पट्टी न लावता
पानाच्या कडेला एक रेघ ओढली, नागमोडी,
आणि फ्लास्कमधला चहा माझ्या हातात देऊन
तिथे लिहिलं: च्या १.

मग लिहीत गेलो.
आंघोळ. दोन पोळ्या.
पार्किंगमध्ये रडलो, सात मिनिटं, वॉचमनने बाक पुसून दिला.
दाढी.
शैलावर चिडलो. ती म्हणाली, चिडा, बरं दिसतं.
सतराव्या दिवशी काउंट पाचशे सत्तर,
जयवंतला फोन केला, तो काहीच बोलला नाही,
मागे ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

बाविसाव्या दिवशी सकाळी
मोडक्या खुर्चीवर फ्लास्क होता, झाकण नीट लावलेलं.
काच पुसून लख्ख.
मी सिस्टरला विचारलं नाही.
सिस्टर माझ्याकडे न बघता पुढे गेली.
आपांचा नंबर आहे माझ्याकडे.
अजून आहे.

चौतिसावा दिवस, खोलीवर.
डोक्याला सुती रुमाल, तोंडावर मास्क,
शैला वही वाचते आहे, माझा रकाना, एकेक ओळ बोट ठेवून.
"बाविसावा कोरा का?"
पेन संपलं होतं, मी म्हटलं.
तिने पेन मागितलं.
बोटांत अजून जोर नाही, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.
त्या कोऱ्या जागी लिहिलं: खोटं.
मग खाली आजची तारीख घातली
आणि माझ्याकडे बघत थांबली, काय लिहू म्हणून.
मला सुचेना.
चौथी शिट्टी व्हायची होती अजून.