इतमुरून

तिकडे या झुडपाला म्हणतात इतमुरून.
इत म्हणजे कुत्रा, मुरून म्हणजे नाक.
रानगुलाबाला असं नाव ठेवणारी माणसं
फुलापेक्षा फळाकडे बघून जगत असणार.
जूनमध्ये पांढरं फुलतं म्हणे, पाच पाकळ्यांचं.
मी पोचलो सप्टेंबरात. फळ पाहिलं,
टोकाशी काळपट, दवानं ओलं, थंड,
हुंगायला पुढे आलेलं.

माझ्या कानाला मात्र मुरून म्हणजे मुरूनच ऐकू येतं,
बरणीच्या तळाशी, मिठात, अंधारात.
जिपारगुलला हे सांगितलं तर म्हणाली, बरोबर आहे,
पहिलं हिव खाल्ल्याशिवाय गोडी धरत नाही ते.

कातडी मोजा फक्त डाव्या हाताला.
उजवा उघडा. बोटांना फळ कळलं पाहिजे म्हणते.
नखांत लाल गर, मनगटावर ओरखडे,
जुन्यांवरून नवे गेलेले,
समोरच्या उतारावरच्या मेंढवाटांसारखे.
दिवसाला दीड पोतं.
खाली सडकेवर मेलिसचा ट्रक, मेलिसचा काटा,
आणि पोत्याखाली, हळूच, मेलिसच्या बुटाचं टोक.
"पाय दमला असेल तुझा," ती म्हणते, "काढ आता."

खिंडीच्या वळणावरचं एक झुडूप ती टाळते.
पुरुषभर उंच, फळांनी वाकलेलं,
एकट्यावर अर्धं पोतं भरेल.
का म्हणून विचारलं, तर पुढे चालत राहिली.
दुसऱ्या दिवशी चहा ओतताना, न विचारता :

बेकतेमिर पाच वर्षांचा होता.
कोकराच्या मागे गेला, आणि वरून धुकं उतरलं.
रात्रभर डबे बडवले आम्ही, हाका मारल्या.
हाक जायची आणि भिजून परत यायची.
उजाडलं तेव्हा तो तिथे होता,
स्वेटर पाठीत सतरा ठिकाणी अडकलेला,
रडून रडून झोपलेला, उभ्याउभ्या.
त्याच्या पुढे दीड पाऊल जमीन होती.
मग नव्हती.
सासरा म्हणाला, काप तो स्वेटर.
मी नाही कापला. एकेक काटा सोडवत बसले.
दुपार झाली.

कोकरू? मी विचारलं.
कोकरू आपलं आपण घरी आलं होतं, संध्याकाळीच.

आता बेकतेमिर येकातेरिनबुर्गला, गोदामात, रात्रपाळीला.
रविवारी फोन येतो. आधी आवाज, मग चेहरा,
चेहरा मध्येच थिजतो, तोंड अर्धं उघडं.
ठीक आहे म्हणतो. सगळं ठीक.
सपाट शहर आहे आई, दरी नाही कुठे.
ती हो म्हणते. फोन उलटा ठेवते,
आणि फळांतल्या खाजऱ्या बिया खरवडायला घेते.

मी निघायचो त्या दिवशी
पोतं पाठीवर घेऊन उतरताना
वळणावर तिची बाही अडकली.
खालून मेलिसचा हॉर्न, एकदा,
मग लांबलचक.
तिनं पोतं खाली ठेवलं.
मी सोडवायला हात पुढे केला तर म्हणाली,
राहू दे.
थोडा वेळ राहू दे.