पिठाचं बोट

त्या उन्हाळ्यात मी जिंतूरच्या बुरूडगल्लीत
दारोदार बोटं मोजत फिरायचे.
आशाताई आली, म्हणायचे लोक,
आणि दार अर्धंच उघडायचे.

कुशावर्ताच्या घरी सहा माणसं.
सासऱ्याचं बोट आधी : त्र्याण्णव.
मग नवऱ्याचं, पुण्याहून पायी आलेलं : सत्त्याण्णव.
दिराचं, पत्ते खाली न ठेवता.
पोराचा तास चालू, मोबाईल
शिलाई मशीनला टेकवलेला,
मशीनवर चादर.
पोरगी भांडी घासत होती. तुझा तास?
दादाचा झाला की नेट संपतं.
तिच्या बोटावरची राख पुसून घेतली.

आणि तू?
कुशावर्तानं परातीतून हात वर केला,
पाचही बोटं ज्वारीच्या पिठात.
"थांबा ना बाई, ही एवढी थापते."
ती थापली. मग आणखी एक.
मग सासऱ्याची वाफ, मग दिराचा चहा,
मग टँकर आला, ती घागर घेऊन पळाली.
मला पुढची बत्तीस घरं होती.
तिच्या रकान्यात लिहिलं : नंतर.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

बाराव्या दिवशी सासरा ताटावरून ओरडला,
"कामून करपली आज?"
तिची भाकरी कधी करपत नसे.
मी उंबरा ओलांडला, जे करायचं नव्हतं,
तिचं मनगट धरलं. तव्याएवढं तापलेलं.
चिमटा लावला. आकडा येईना,
नखाखाली पीठ सुकून बसलेलं.
दुसरं बोट. एक्क्याण्णव.

"नव्वदच्या वर हाय ना?
मग चालतंय," म्हणाली,
आणि तवा उलटा पडू नये म्हणून
माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

ती वाचली. कोण कोण वाचलं नाही
ते वेगळ्या वहीत आहे.

शाळा सुरू झाल्यावर एकदा गेले.
मशीनवरची चादर तिनं काढली होती,
पट्टा सुकून तुटलेला.
दोन वर्षांत गल्लीतल्या बाया
तयार ब्लाउज घ्यायला शिकलेल्या,
तरी ती चाक हातानं फिरवून बघत होती.
नवा पट्टा, म्हणाली, शंभर-सव्वाशेचा.

खाटेवरून नवरा म्हणाला,
आणू की. नंतर.

तो शब्द मी ओळखला.
माझ्याच अक्षरातला होता.