आवाज वाढव

मानवतच्या बाजारातलं त्याचं पहिलं भाषण
माझ्याच माईकवर झालं. एकशेवीस रुपये भाडं,
त्यातले वीस येणे राहिले.
ग्यानबा टेकाळे तेव्हा जिनिंगमध्ये हमाल.
भर सभेत कलेक्टरला म्हणाला,
"साहेब, नळाला पाणी नाही,
आता तुमच्या तोंडचं पळवतो."
टाळ्यांनी भोंग्यावरची कबुतरं उडाली.

मग तीनदा दिल्ली.
कागद फाडले, निलंबन झालं,
एका मंत्र्याच्या आईवरून बोलला, माफी मागितली,
परभणी स्टेशनात उतरला
आणि फलाटावरच माफी परत घेतली.
आम्ही हसलो. मीही.

परवाच्या सभेत तो आमच्यावर आला.
आमच्या गल्लीवर, आमच्या पोरांवर.
घसा बसला होता त्याचा. मागं वळून म्हणाला,
"रशीदभाई, आवाज वाढव जरा."
बोट बटणावर होतंच.
सवयीनं फिरलं.

तेच तो पुढं सभागृहात बोलला.
पेपरात आलं, शब्द कामकाजातून वगळले.
माझ्या मशीनला तसलं बटण नाही.

त्या रात्री वायर गुंडाळताना
पोरानं विचारलं, अब्बा, भाडं दिलं का त्यांनी?

दिलं.
मागचे वीस धरून.