निम्मा पाव

ही काथवट नऊ तोंडांची.
सासूबाईंनी माझ्या हाती दिली तेव्हा
घरात मोजून नऊ माणसं होती, दहावा कुत्रा.
आता झिगमास आणि मी.

थोडंच पीठ घेतलं तर आंबवण रुसतं,
तळाशी पसरून बसतं, वर येत नाही.
त्याला गर्दीची सवय.
म्हणून दर दुसऱ्या शनिवारी चार किलोचा काळा पाव
वेखंडाच्या पानांवर थापून भट्टीत,
आणि पुढे पंधरा दिवस त्याची राखण.

पहिल्या दिवशी कापायचा नाही.
हे झिगमासला पंचेचाळीस वर्षांत पटलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी मधोमध एकच काप.
कापलेली बाजू खाली, फळीला घट्ट टेकवून,
वर जवसाच्या धाग्याचं फडकं.
शेजारी सफरचंदाची फोड, ती रोज बदलायची;
तुम्ही विसरलात तरी बुरशी विसरत नाही.

मुलगा डब्लिनहून म्हणतो, आई, फ्रीजर घे.
मी म्हणते, बर्फात मासे ठेवतात.
त्याच्याकडचा पाव शिळा होतच नाही म्हणे.
होईल कसा,
ताजा कधी होता?

आठव्या दिवसापासून झिगमासचे दात कुरकुरतात.
गर त्याला, कड मला.
बाराव्या दिवशी दुधात कुस्करून.

आणि दुसरा निम्मा
रस्त्यापलीकडे, स्तासेकडे.
तीन वर्षं झाली.
फडक्यात बांधून मी नेते,
फडकं धुऊन, इस्त्री होऊन परत येतं,
त्यात चार अंडी.
'कसा झालाय?'
'मीठ बरोबर पडलंय.'
दर वेळी मिठाचंच.
तेव्हाच कळायला हवं होतं
पाणी कुठे मुरतंय ते.

मार्चमध्ये ती अंगणातल्या बर्फावर घसरली.
इस्पितळात लोकरीचे मोजे हवे होते तिला,
ते पोटमाळ्यावरच्या पेटीत.
शिडी चढून डोकं वर काढलं
तर वाशांना ओळीने उशांचे अभ्रे टांगलेले,
आत वाळवलेल्या पावाचे तुकडे, बोटाएवढे, एकसारखे,
प्रत्येक अभ्र्याला तारखेची चिठ्ठी.
सगळे माझे शनिवार.
एक तुकडा खाली पडला.
आमच्या लिथुआनियात पडलेला पाव उचलून ओठांना लावतात.
मी लावला.
राग आला होता, तरी लावला.

'डॉक्टरांनी बंद केलाय,' ती म्हणाली.
'कधीपासून?'
तिने पांघरुणाची कड सारखी केली.
'तुम्ही दोघंच. चार किलो. वाया गेला असता.'
मग बऱ्याच वेळाने, भिंतीकडे बघत,
'आणि दिवस काय, सांगून बदलतात?'
लहानपणी सैबेरियात तिने काय खाल्लं
हे ती कधी बोललेली नाही.
मी मोजे चढवले तिच्या पायांत.
डावा पाय सुजला होता, वेळ लागला.

येताना एक अभ्रा घेऊन आले, न विचारता.
रात्री चहात तुकडा बुडवून झिगमासला दिला.
त्याने तो गालात धरला, विरघळू दिला,
डोळे मिटून म्हणाला,
'मीठ बरोबर पडलंय गं.'

कुठल्या शनिवारचा, ते मी सांगितलं नाही.