बीजाची गाडी

आमगावच्या रस्त्याला, राइस मिलच्या मागे
सेवकरामच्या आवारात आठ जिपा उन्हात उभ्या होत्या
आणि तुमेश्वरी थेट लालीपाशी गेली.

लायसन येऊन एकोणीस दिवस झाले होते.
अजून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये,
पर्स छातीशी.

सेवकराम म्हणाला, बाई, हेच घ्या.
चारही चाकं ओढते, स्प्रिंगा दोन इंच उचलल्या आहेत,
बोडीत उतरवा, पाळीवर चढवा.
समोर गार्ड, वर सहा दिवे,
भोंगा असा का रानातला रोही तलावात पडंल.

मी दिवे पाहिले नाहीत.
मागच्या सीटवर जाऊन बसले,
जिथं आमच्या संस्थेच्या बाया बसणार.
पट्टा ओढला. आला.
खाचेत घातला. बसेना.
"मागं कोण लावते बाप्पा पट्टा?"
मी लावते, म्हटलं.

मग चटई उचलली.
जन्मभर मासे साफ केलेली बोटं
कोपऱ्यात जातातच.
तिथं काचेचे दाणे. साबुदाण्याएवढे, हिरवट,
पाच की सहा,
धुऊन, पुसून, वर लाल रंग मारूनही उरलेले.
एक तळहातावर घेऊन मी सेवकरामला दाखवला.
तो भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख शोधायला लागला.

कोण होता, ते विचारलं नाही.
वय विचारलं.
"असंल वीस."

उंच गाडी वळणावर ऐकत नाही
हे मला कोणी शिकवलं नाही, डोंग्यानं शिकवलं.
डोंग्यात ताठ उभं राहा,
आधी तो झुलतो, मग
तुम्हाला विचारत नाही.

भिंतीच्या सावलीला एक राखाडी होती.
टेप नाही, दिवे दोनच, दारं खडखडतात.
पण डोक्यावर कंपनीचा लोखंडी दांडा,
आणि पट्टे टक्‌ करून बसले, पाचही.
मी प्रत्येक सीटवर बसून ऐकलं.
टायरच्या पोटावरचा आकडा तुमेश्वरीनंच वाचला:
सात वर्षं.
चारही बदलून दे, नाहीतर आम्ही चाललो एसटीनं.

साकरीटोल्यापर्यंत पोरगी बोलली नाही.
मग म्हणाली, "आई, हे तं ढेकूळ दिसते."
दिसू दे.

आखाडात बीज आलं.
शेजारी मी, मागे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या,
एकेकीत हजार रोहूची पिलं, पापणीच्या केसाएवढी.
हळू चालव, असं मी एकदाही म्हटलं नाही.
तलावावर पोचलं की पिशवी उजेडाकडे धरायची
आणि मेलेली मोजायची, तिनंच.
सोमवारी बेचाळीस.
बुधवारी सतरा; त्या दिवशी धुऱ्यावरचा प्रत्येक दगड
तिनं नाव घेऊन बोलावल्यासारखा ओलांडला.

शुक्रवारी नाल्यापाशी गाडी थांबवली.
उतरली. बांबूनं पाणी मोजलं.
बांबू दुसऱ्यांदा टाकला, तो वाकडा झाला.
पलीकडून दोन पोट्टे मोटरसायकलवरून ओरडत होते,
फोर बाय फोर आहे ना ताई, टाक ना!
ती चढली, पट्टा लावला,
रिव्हर्स टाकला.
"आज नाई, आई. फिरून जाऊ."

फिरून अकरा किलोमीटर.
पाणी तापलं, पिशव्या सैल पडल्या,
शुक्रवारी मेली एकशे सहा.
संस्थेच्या सचिव वच्छलाबाई वहीवर पेन आपटत म्हणाल्या,
हे कोणाच्या नावावर लिहू?
माझ्या लिहा, म्हटलं.

तुमेश्वरी पाण्यात उभी होती, गुडघ्यापर्यंत,
पिशवी तिरपी करून, हलक्या हातानं,
उरलेली नऊशे सोडत.

तो काचेचा दाणा माझ्या चंचीत आहे,
सुपारीच्या बाजूला.
तिला दाखवला नाही.
तिला एकविसावं लागलं की
याच तलावात टाकून देईन.